‘मामा, नेट गेलंय!’ म्हणजे नेमकं काय गेलंय?

रात्री दहाला भाच्याचा फोन आला. “मामा, नेट गेलंय. मॅच आहे, लवकर सांग काय करू.”

“ताईचा, तुझ्या आईचा, फोन चालतोय?”

“हो, ती रील्स बघत बसलीय.”

“वायफायवर की डेटावर?”

पलीकडे शांतता. मग “आई, तुझं वायफाय चालू आहे का गं?” अशी आरोळी आणि थोड्या वेळानं पडेल आवाजात उत्तर, “डेटावर आहे.”

म्हणजे अख्ख्या घराचंच नेट बंद होतं, तो ज्यावर ऑनलाइन मॅच खेळतो त्या प्लेस्टेशनचा (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, म्हणजे कन्सोल) त्यात काही दोष नव्हता. भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यावर लाल दिवा लुकलुकत होता आणि खाली डोंबिवलीच्या त्या गल्लीत दुपारपासून गटाराचं खोदकाम चालू होतं. निदान व्हायला अर्धा मिनिट लागला. त्याआधी पाऊण तास मात्र पोरानं आईच्या फोनवर व्हिडिओ बघून डीएनएस नावाचं सेटिंग बदललं होतं, एमटीयू नावाचा कसलासा आकडा १५०० वरून १४७३ केला होता आणि राउटरच्या मागच्या भोकात टाचणी घालून तो पार कोरा करून टाकला होता. केबल रात्रीच जोडली गेली, पण कोऱ्या राउटरमुळे त्याच्या घरचं नेट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरू झालं.

“नेट गेलंय” हे “पोटात दुखतंय”सारखं आहे. डॉक्टर आधी पोट दाबून बघतात, इथे दुखतंय का, की इथे. तुमच्या कन्सोलपासून गेमच्या सर्व्हरपर्यंतची वाटही अशीच तुकड्यातुकड्यांची आहे: कन्सोल ते राउटर, राउटर ते भिंतीवरचा फायबरचा डबा (त्याला ओएनटी म्हणतात, हल्ली बऱ्याच घरांत राउटर त्याच्या पोटातच असतो), तिथून खांबांवरून ऑपरेटरचं ऑफिस, पुढे मोठी कंपनी, कदाचित समुद्र, आणि शेवटी प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवाल्यांचे सर्व्हर. दुखणं कुठल्या तुकड्यात आहे हे कळेपर्यंत एकाही सेटिंगला हात लावायचा नाही, हा माझा नियम.

कळायचं कसं? कन्सोल स्वतःच सांगतो. प्लेस्टेशन ५ वर सेटिंग्ज, नेटवर्क, कनेक्शन स्टेटस या वाटेनं गेलं की ‘टेस्ट इंटरनेट कनेक्शन’ मिळतं. एक्सबॉक्सवर आणि निन्टेन्डो स्विचवरही नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये अशीच चाचणी आहे. प्लेस्टेशनवर एकेक ओळ वरून खाली भरत जाते: आयपी पत्ता मिळाला का, इंटरनेट लागलं का, पीएसएनमध्ये (प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये) साइन-इन झालं का, मग डाउनलोड आणि अपलोडचा वेग. सगळ्यांची नजर थेट खालच्या दोन आकड्यांवर जाते. खरी माहिती वरच्या तीन ओळींत असते, कारण चाचणी ज्या ओळीवर अडकते, वाटेचा तोच तुकडा तुटलेला असतो.

पहिल्याच ओळीवर अडकली, तर भानगड घरातली आहे, कन्सोल आणि राउटर यांच्यामधली. पासवर्ड चुकलाय (प्लेस्टेशन ४ यासाठी एनडब्ल्यू-३१२९७-२ असा कोड दाखवतो), किंवा राउटरनं पत्ता दिलाच नाही. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक नंबर देतो, बहुधा १९२.१६८ नं सुरू होणारा. हा नंबर १६९.२५४ नं सुरू झालेला दिसला, तर समजायचं की राउटरकडून काहीच आलं नाही, म्हणून यंत्रानं स्वतःच आपला एक कामचलाऊ नंबर लावून घेतलाय. अशा वेळी राउटर बंद-चालू करणं हा खरोखरच उपाय आहे.

दुसऱ्या ओळीवर अडकली, तर राउटरपर्यंत सगळं ठीक आहे, बाहेर गडबड आहे. आता उठून ओएनटीकडे बघायचं. ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा असेल तर फायबर जिवंत आहे. ‘लॉस’चा दिवा लाल असेल तर प्रकाशच येत नाही, म्हणजे केबल तुटली आहे किंवा मुडपली आहे. अशा वेळी घरात बसून जगातलं कुठलंही सेटिंग बदललं तरी काही होणार नाही. फोन ऑपरेटरला लावायचा. वीज जाऊन आली असेल तर मात्र थोडं थांबा. तुमच्या घरात इन्व्हर्टर असला तरी खांबावरच्या किंवा शेजारच्या इमारतीतल्या ऑपरेटरच्या पेटीला तो असेलच असं नाही.

तिसऱ्या ओळीवर अडकली, तर घरचं नेट ठणठणीत आहे, पलीकडचं दार बंद आहे. हे वाटतं तेवढं दुर्मीळ नाही. एप्रिल २०११ मध्ये प्लेस्टेशन नेटवर्कवर हल्ला झाला, सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती चोरीला गेली आणि ते नेटवर्क तीन आठवड्यांहून जास्त बंद राहिलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते जगभर जवळपास २४ तास बंद पडलं. आपल्याकडे तेव्हा नेमका शनिवार होता. अशा दिवशी किती घरांत बिचाऱ्या राउटरला विनाकारण टाचण्या टोचल्या गेल्या असतील याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो तिघांचंही सर्व्हरची स्थिती दाखवणारं पान असतं. ते फोनवर उघडून बघायला मिनिट लागत नाही. तिथे सगळं हिरवं दिसत असेल, तर कन्सोलची तारीख आणि वेळ एकदा तपासा. घड्याळ काही वर्षं मागं गेलेलं असेल तर सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं चुकीची ठरतात आणि साइन-इन होत नाही. वर्षभर कपाटात पडून राहिलेल्या जुन्या कन्सोलवर हे होऊ शकतं.

आणि चाचणीतल्या सगळ्या ओळी पार पडल्या, तरीही गेम अडखळतोय, मित्राचा आवाज येत नाही, मॅचमधून फेकला जातोय? खरी गंमत इथून सुरू होते.

आधी वायफाय. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिली लांब जाते, भिंती बऱ्यापैकी ओलांडते, पण हळू असते आणि तिच्यावर कायम बाजार भरलेला असतो. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सगळे तिथेच. त्या पट्टीत एकमेकांवर न आदळणारे चॅनल तीनच आहेत: १, ६ आणि ११. आठ मजल्यांच्या, मजल्यावर चार घरांच्या इमारतीत तीन चॅनल म्हणजे काय होत असेल ते सांगायला नको. ५ ची पट्टी वेगवान आणि मोकळी, पण एक आरसीसी भिंत आडवी आली की तिची हवा जाते.

इथे एक फसगत अशी की पहिला प्लेस्टेशन ४, म्हणजे २०१३ चा जाडा मॉडेल, ५ ची पट्टी ओळखतच नाही. स्लिम आणि प्रो ओळखतात. त्यामुळे ‘राउटरचं फाइव्ह-जी नाव यादीत दिसत नाही’ म्हणून कन्सोल दुरुस्तीला नेऊ नका. तसंच नव्या राउटरवर सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर ठेवली असेल तर बऱ्याच जुन्या यंत्रांना जोडताच येत नाही. ती डब्ल्यूपीए२ आणि ३ अशी मिश्र ठेवावी. ५ च्या पट्टीतले ५२ ते १४४ हे चॅनल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. रडारची चाहूल लागली की राउटरला ते सोडून पळावं लागतं, आणि कन्सोल लटकतो. दर काही तासांनी जोडणी तुटत असेल तर राउटरमध्ये चॅनल ‘ऑटो’वरून काढून ३६ ते ४८ मधला एखादा द्यावा.

कन्सोल ठेवलाय कुठे हेही बघा. ताईच्या घरी तो टीव्हीच्या युनिटमध्ये आहे. समोर काचेचं दार, मागे टीव्हीची सपाट पाठ, बाजूला सेट-टॉप बॉक्स. वर ताईला तो ‘डबा’ दिसायला नको असतो, म्हणून दार लावलेलं. युनिटचं दार उघडून कन्सोल पुढे एक वीतभर ओढला, आणि डाउनलोडचा वेग ३८ एमबीपीएसवरून (सेकंदाला मेगाबिट) ९० च्या घरात गेला. एकही सेटिंग न बदलता. भाच्याला हा उपाय फारच कमी तांत्रिक वाटला. यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क कन्सोलला अगदी चिकटवून ठेवली असेल तर तीही थोडी लांब करा. तिच्यातून २.४ च्या पट्टीत खरोखरच गोंगाट होतो, आणि कंट्रोलरसुद्धा त्याच पट्टीवर बोलतो.

पण माझं ऐकाल तर वायर टाका. एकच लॅन केबल वायफायच्या निम्म्या तक्रारी संपवते. (पहिल्या स्विचच्या डॉकला लॅनचं भोक नाही, यूएसबीचं अडॅप्टर लागतं. ओएलईडी मॉडेलच्या डॉकला आहे.) फक्त वायर कसली आहे ते बघा. माझ्याच घरी प्लॅन २०० चा होता, आणि वायरवरही वेग ९४ च्या पुढे हलेना. ९४, ९३, ९४. इतका स्थिर आकडा संशयास्पद असतो. शेवटी केबलचं टोक खिडकीपाशी उजेडात धरलं. पारदर्शक प्लास्टिकच्या त्या चिमुकल्या क्लिपमध्ये आठ तारा ओळीनं बसलेल्या दिसायला हव्यात. मला चारच दिसल्या: केशरीची जोडी आणि हिरव्याची जोडी. निळी आणि तपकिरी जोडी कापून आत दुमडून टाकलेली. ज्यानं टोक बसवलं त्यानं श्रम वाचवले होते, आणि चार तारांवर काम चालतंही, पण १०० एमबीपीएसपर्यंतच. गिगाबिटला आठही तारा लागतात. कॅट-५ई लिहिलेली तयार केबल आणून लावली आणि आकडा त्याच मिनिटाला हलला. ऑपरेटरकडे तक्रार करायच्या बेतात होतो. वाचलो.

आता नॅट. यावर जेवढे गैरसमज आहेत तेवढे कशावरच नसतील, म्हणून जरा सावकाश.

जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते, म्हणजे आयपीव्ही४, जगात एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत. माणसांपेक्षा कमी, यंत्रांपेक्षा तर कितीतरी कमी. म्हणून घरातल्या प्रत्येक यंत्राला वेगळा जगमान्य पत्ता मिळत नाही. सोसायटीचं उदाहरण घ्या. टपालाला माहीत आहे ती सोसायटी, आणि ६०२ नंबरचा फ्लॅट तर गावात शंभर ठिकाणी असेल. तुम्ही ६०२ मधून काही मागवलं की गेटवरचा वॉचमन वहीत लिहून ठेवतो, अमुक दुकानातून ६०२ साठी येणार आहे. सामान आलं की वही बघून वर पाठवतो. पण न बोलावता कोणी आलं, वहीत नोंद नाही, तर गेटवरच थांबवतो. राउटर हाच वॉचमन, आणि त्याच्या त्या वहीच्या कामाला नॅट म्हणतात.

फोनवर बातम्या वाचताना, सिनेमा बघताना तुम्ही नेहमी स्वतः मागवत असता, म्हणून वॉचमनचा काही त्रास होत नाही. गेममध्ये मात्र उलटं घडतं. तुम्ही पार्टी (खेळता खेळता बोलायचा मित्रांचा गट) उघडलीत, की मित्राचा कन्सोल तुमच्याकडे थेट येऊ बघतो. तो न बोलावलेला पाहुणा. वॉचमन कडक असेल तर तो अडवतो, आणि मग ‘सगळ्यांचा आवाज येतो, फक्त निखिलचा येत नाही’ असली चमत्कारिक तक्रार सुरू होते. तुमचा आणि निखिलचा, दोघांचेही वॉचमन कडक असले की भेट होणं अवघड.

वॉचमन किती कडक आहे ते प्रत्येक कन्सोल आपापल्या भाषेत सांगतो. प्लेस्टेशनवर टाइप १, २, ३. एक्सबॉक्सवर ओपन, मॉडरेट, स्ट्रिक्ट. स्विचवर ए पासून सुरू होणारी अक्षरं. राउटरमागच्या प्लेस्टेशनला टाइप २ मिळाला की झालं, टाइप १ च्या मागे लागायचं कारण नाही. टाइप ३, स्ट्रिक्ट किंवा डी दिसलं तरच पुढचं वाचा.

पहिला उपाय सगळ्यात सोपा. राउटरमध्ये यूपीएनपी नावाची एक सोय असते. ती चालू असली की कन्सोल स्वतःच वॉचमनला सांगून ठेवतो, ६०२ कडे पाहुणे येणार आहेत, सोडा. ती चालू करा, राउटर आणि कन्सोल दोन्ही एकदा बंद-चालू करा, चाचणी पुन्हा घ्या. बऱ्याच घरांत एवढ्यावरच भागतं. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे वॉचमनच्या वहीत हातानं कायमची नोंद करणं. तेही चालतं, पण मग कन्सोलचा घरातला पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवावा लागतो, नाहीतर पाहुणे आठवड्यानं टीव्हीकडे जाऊन उभे राहतात.

दुसरं कारण आपल्याकडे फार आढळतं. दोन वॉचमन. ताईच्या घरी ऑपरेटरचा ओएनटी हाच राउटर होता. मग भावजींनी ‘रेंज येत नाही’ म्हणून चांगला महागाचा राउटर आणला आणि त्याची वायर ओएनटीच्या मागे खुपसली. झालं, एक गेटवर, एक विंगच्या दारात, आणि दोघांच्या वह्या वेगळ्या. यूपीएनपी विंगवाल्याला सांगतो, गेटवाल्याला पत्ताच नाही. एक्सबॉक्स तर ‘डबल नॅट’ असं नाव घेऊन सांगतो, प्लेस्टेशन नुसता टाइप ३ दाखवून गप्प बसतो. ओळखायचं कसं? नव्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर ‘वॅन आयपी’ (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा. तोच जर १९२.१६८ नं सुरू होत असेल, तर पुढे आणखी एक राउटर बसलाय. उपाय म्हणजे एकाला वॉचमनकी सोडायला लावायची. नव्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट मोड’मध्ये टाकलं की तो फक्त रेंज पसरवतो. भावजींना वाटलं महागाचा राउटर वाया गेला. रेंजसाठीच आणला होता, रेंज देतोय की.

तिसरं कारण तुमच्या हाताबाहेरचं आहे. आशिया-पॅसिफिक विभागाचा पत्त्यांचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. त्यानंतर वाढलेल्या कंपन्यांनी काय केलं, तर शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिला. म्हणजे सोसायटीच्या गेटबाहेर आणखी एक मोठं गेट, अख्ख्या वसाहतीचं, आणि तिथला वॉचमन कंपनीचा. याला सीजी-नॅट म्हणतात. तुमच्या वॅन आयपीची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधली असेल तर हेच आहे, कारण तो पट्टा २०१२ मध्ये खास यासाठीच राखून ठेवला गेला. आणखी खात्रीचा मार्ग: राउटरमधला वॅन आयपी आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या एखाद्या साइटवरचा आकडा ताडून बघा. वेगळे निघाले तर तुमच्या बाहेर आणखी कोणी वॉचमन आहे, घरातला नसेल तर कंपनीचा. अशा वेळी तुम्ही पोर्ट फॉरवर्डिंग कितीही करा, ते मोठ्या गेटपर्यंत पोचतच नाही. ऑपरेटरला सरळ विचारायचं, “पब्लिक आयपी मिळेल का?” काही जण मागितल्यावर देतात, काही स्टॅटिक आयपीचे वर्षाचे पैसे घेतात, काही नाही म्हणतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कन्सोल जोडून बघणं ही बाकी बाबतीत उत्तम चाचणी आहे (तिथे गेम नीट चालला तर दोष घरच्या नेटचा), पण नॅटच्या बाबतीत ती फसवते, कारण मोबाइल कंपन्याही तेच मोठं गेट वापरतात.

नॅट सुटलं. भाच्याची पुढची तक्रार, “मामा, स्पीड दीडशे येतोय तरी लॅग, गेम मागेच पडतो.”

स्पीड म्हणजे पाइप किती जाड. पिंग म्हणजे नळ उघडल्यावर पाणी यायला किती वेळ. बहुतेक ऑनलाइन गेमना खेळताना एक एमबीपीएससुद्धा लागत नाही. जाड पाइप लागतो तो शंभर जीबीचा गेम उतरवताना, १०० च्या प्लॅनवर सव्वादोन तास. खेळताना महत्त्वाचा फक्त वेळ. आणि त्याला निसर्गाची एक मर्यादा आहे: काचेच्या धाग्यातून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर मुंबईत असेल तर डोंबिवलीहून जाऊन यायला प्रकाशाला मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. सिंगापूर मुंबईपासून सरळ रेषेत ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद, आणि समुद्राखालची केबल सरळ रेषेत जात नाही, म्हणून हातात पडतात साठ किंवा वर. युरोपचा सर्व्हर निवडलात तर शंभराच्या आत यायची आशा सोडा, प्लॅन कितीचाही असो. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात केबल तुटल्या तेव्हा आपल्याकडून पश्चिमेला जाणारी वाहतूक लांबच्या वाटेनं गेली आणि पिंग आणखी वाढला. त्यामुळे गेमच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा प्रदेश कुठला निवडलाय, हे पहिल्यांदा बघायचं.

भाच्याचा प्रदेश बरोबर होता. पिंग दिवसभर १२, आणि रात्री साडेनऊनंतर एकदम २०० वर उड्या. रोज त्याच वेळी. हे ऐकल्यावर मी विचारलं, साडेनऊला घरात काय होतं? ताई फोन चार्जिंगला लावते. फोन चार्जिंगला लागला की दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागतात. अपलोडची वाट भरून जाते, राउटर पॅकेटांची (माहितीच्या लहान लहान तुकड्यांची) लांबलचक रांग लावतो, आणि भाच्याच्या गेमचं एवढंसं पॅकेट त्या रांगेत शेवटी उभं राहतं. लग्नाची वरात चाललेली असताना मागे अडकलेल्या स्कूटरवाल्यासारखं. रस्ता रुंद आहे, स्कूटरला जागा चिमूटभर लागते, पण पुढे जाता येत नाही. याला बफरब्लोट म्हणतात. राउटरमध्ये क्यूओएस (कोणाला आधी सोडायचं ते ठरवणारं सेटिंग) असेल तर कन्सोलला वरचा क्रम द्यावा, आणि अपलोडला प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या थोडं खाली बांधावं, म्हणजे रांग लागतच नाही. घरात सतत क्लाउडवर चित्रण पाठवणारा सीसीटीव्ही असेल तर तोही गुन्हेगार असू शकतो. ताईकडे मात्र तंत्रज्ञान वापरावं लागलं नाही. बॅकअप बंद ठेवायचा आणि झोपायला जाताना सुरू करायचा, असं ठरलं.

राहिले डीएनएस आणि एमटीयू, व्हिडिओवाल्यांचे लाडके. डीएनएस म्हणजे नावावरून नंबर शोधून देणारी डिरेक्टरी. ऑपरेटरची डिरेक्टरी कधी कधी बंद पडते किंवा रेंगाळते. तेव्हा ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकल्यानं जोडणी परत येऊ शकते, स्टोअर चटकन उघडू शकतं. मॅच सुरू झाल्यावर मात्र तिचं काम संपलेलं असतं. डीएनएस बदलून पिंग कमी होत नाही. एमटीयू म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, साधारण १५०० बाइट. तुमच्या जोडणीला युजरनेम-पासवर्ड लागत असेल, म्हणजे ती पीपीपीओई असेल, तर त्यातले ८ बाइट पाकिटालाच जातात, म्हणून १४९२. राउटर हे बहुधा स्वतःच सांभाळतो. कन्सोलवर ते ‘ऑटोमॅटिक’ राहू द्या. १४७३ या आकड्यात काहीही जादू नाही.

ऑपरेटरला फोन करायची वेळ आलीच, तर “नेट स्लो आहे” म्हणू नका. त्यावर उत्तर ठरलेलं असतं, “राउटर बंद करून चालू करा.” “ओएनटीला वायर लावून बघितलं, पॉनचा दिवा मधूनच लुकलुकतोय, रोज संध्याकाळी दोन-तीनदा” असं सांगा, माणूस येतो. नवा राउटर लावल्यावर काहीच चालत नसेल, तर “मॅक बाइंड आहे का, नवा मॅक चढवा” एवढंच म्हणा. काही ऑपरेटर जोडणी एकाच यंत्राच्या नंबरशी बांधून ठेवतात.

मागच्या पावसाळ्यात भाच्याला पॉनच्या दिव्याचं ते वाक्य पाठ करून फोन करायला लावला. दुसऱ्या दिवशी एक मुलगा आला, खांद्याला बॅग, हातात पेजरएवढं पिवळं यंत्र. ओएनटीतून हिरव्या टोकाची बारीक वायर काढून त्यानं त्या यंत्रात खुपसली. प्रकाशाच्या जोराचा उणे २९ आकडा आला. “पंचवीसच्या आत पाहिजे, काका,” तो भावजींना म्हणाला. मग वायर हातानं चाचपत सोफ्यामागे गेला आणि सोफा पुढे ओढला. दिवाळीच्या साफसफाईत मागे सरकवलेल्या सोफ्याचा पाय त्या वायरवर बसला होता. ती तुटली नव्हती, फक्त मुडपली होती. म्हणून नेट पूर्ण जात नव्हतं, नुसतं दम खात होतं. त्यानं नवी वायर घातली, पुन्हा मोजलं, उणे २०.

सामान आवरताना त्यानं टीव्हीकडे बघितलं. “फुटबॉल आहे का यात?” भाच्यानं दुसरा कंट्रोलर त्याच्या हातात दिला. ताई चहा घेऊन आली तोवर पोरगा ३-१ नं हरला होता.